दुपारनंतर डबल होणारी शेव

"भिया, आपका सॉफ्टवेअर दुपेर के बाद पगला जाता है."

फेब्रुवारीच्या शेवटी मुनीमजींचा हा फोन आला तेव्हा मी इंदूरला लोकमान्य नगरच्या घरी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होतो आणि खरं सांगतो मला हसू आलं, म्हटलं सॉफ्टवेअरला सकाळ काय नि दुपार काय. मल्हारगंजातलं एक नमकीनचं होलसेल दुकान आहे, मुनीमजी तिथले हिशेबनीस, दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. मूळ प्रोग्रॅम दुसऱ्याच कोणी लिहिलेला, 2017 पासून माझ्या गळ्यात. ब्राउझरमध्ये चालतो, सगळा जेक्वेरीवर, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या एका तयार लायब्ररीवर. तक्रार अशी की लौंग शेवेचं एक पाकीट स्कॅन केलं की बिलात दोन लागतात, संध्याकाळपर्यंत तीन, कधी चार. सकाळी दहा ते बारा मात्र एकदम शहाण्यासारखं वागतं.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुनीमजींवर संशय घेतला. स्कॅनरचं बटण दोनदा दाबत असतील, वय झालंय, हात थरथरतो. हे मी त्यांना बोललो नाही पण "जरा आरामात दाबा" म्हणालो आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. चाळीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस, तो म्हणाला, "आप आ के देख लो, फिर बोलना."

गेलो. दुपारी तीन वाजता, गल्लीत टेम्पो अडकलेला, दुकानात तेलाचा आणि ओव्याचा वास. त्यांनी माझ्यासमोर एक पाकीट घेतलं, स्कॅनर टेबलावर आडवा ठेवला, पाकीट हळूच त्याच्यासमोरून नेलं, एकच बीप झाली आणि स्क्रीनवर नग 3. मी गप्प.

स्कॅनरबद्दल एक सांगतो कारण पुढे लागेल. हे यूएसबी स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी एक कीबोर्डच असतो, बारकोडचे आकडे तो फटाफट टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. त्यामुळे आमच्या प्रोग्रॅममध्ये अख्ख्या डॉक्युमेंटवर (पूर्ण पानावर) की-डाउनचा एक हँडलर होता, म्हणजे ब्राउझरला सांगून ठेवलेलं की कोणतीही की दाबली गेली की हे फंक्शन चालव, ते फंक्शन आकडे जमवतं, एंटर आला की आयटम शोधून बिलात टाकतं. साधी गोष्ट. अशी फंक्शनं मी दहा वर्षांत किती लटकवली असतील देव जाणे.

म्हटलं हा हँडलर दोनदा लागलेला असेल. हा संशय मला पहिल्याच दिवशी आला होता, हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर घरात माझी जी चेष्टा झाली त्यात हा भाग कोणी मोजतच नाही. मुनीमजींच्याच मशीनवर एफ-ट्वेल्व्ह दाबलं आणि क्रोमच्या कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स नावाची एक सोय असते, कशावर किती लिसनर म्हणजे हँडलर लागलेत ते दाखवते, ती डॉक्युमेंटवर चालवली. की-डाउनचे दोन निघाले. एक जेक्वेरीचा, दुसरा प्रिंटवाल्या प्लगिनचा. बरोबर, दोनच असायला हवेत. परतीच्या मालाची स्क्रीन उघडली, परत बिलिंगवर आलो, पुन्हा पाहिलं, तरी दोन. म्हणजे हँडलर वाढत नाहीयेत, म्हणजे दोष स्कॅनरचा. शेजारच्या दुकानातून स्कॅनर मागून आणला, वायर बदलली, पोर्ट बदललं, एक नवीन स्कॅनरसुद्धा घ्यायला लावला सेठजींना, तो अजून खोक्यात पडलाय आणि त्याचे पैसे मी मागच्या महिन्याच्या बिलातून कापून दिले.

रात्री भाची घरी आली होती, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला मी हे सगळं सांगत होतो तर ती लॅपटॉप स्वतःकडे ओढून म्हणाली, "मामा, तू बाहेरच्या दारावर किती जण उभेत ते मोजतोयस. जेक्वेरी बाहेर एकच माणूस उभा करते ना."

झालं. हे मला माहीत होतं, कधीतरी वाचलं होतं, आणि ऐन वेळी आठवलं नाही. जेक्वेरीचं असं आहे की पानावरच्या एका एलिमेंटवर (बटण, डबा, काहीही) तुम्ही की-डाउनचे पन्नास हँडलर लावा, ब्राउझरकडे ती स्वतःचा एकच लिसनर नोंदवते आणि बाकीचे पन्नास आपल्या आतल्या वहीत ठेवते. ब्राउझरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगणार, एकच आहे. आतली वही बघायची तर डॉलर अंडरस्कोअर-डेटा असं एक अंतर्गत फंक्शन आहे, त्याला डॉक्युमेंट आणि 'इव्हेंट्स' द्यायचं. किंवा क्रोमच्या एलिमेंट्स पॅनेलमध्ये इव्हेंट लिसनर्सच्या टॅबवर फ्रेमवर्क लिसनर्स म्हणून टिकमार्क असतो, तो लावला की लायब्ररीच्या आतले दिसतात. माझा तो टिकमार्क काढलेला होता, कधी काढला, कशासाठी, काही आठवत नाही.

वही उघडली. बिलिंगवरून परतीच्या स्क्रीनवर आणि पुन्हा बिलिंगवर असं चार वेळा केलं आणि की-डाउनखाली स्कॅनरवालं फंक्शन पाच वेळा. एकाखाली एक, पाच सारखी नावं.

आता दुपारचं कोडं सुटलं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्क्रीनचं एक सुरुवातीचं फंक्शन आहे, स्क्रीन उघडली की ते चालतं आणि आपले हँडलर लावतं. सकाळी मुनीमजी पेज उघडतात, बिलिंग एकदा सुरू होतं, एक हँडलर. बारानंतर छोटे दुकानदार फुटलेली, मऊ पडलेली पाकिटं परत आणायला लागतात, मुनीमजी परतीच्या स्क्रीनवर जातात, नोंद करतात, बिलिंगवर येतात, दुसरा हँडलर. पेज दिवसभर रिफ्रेश होत नाही. संध्याकाळी मशीन बंद, सकाळी पुन्हा एक. मुनीमजींनी फोनवर "दुपेर के बाद" म्हटलं तिथेच निदान होतं, मी ऐकलं नाही.

मग हे सात वर्षं का नाही झालं? तर आधी परतीचा माल वेगळ्या मशीनवर नोंदवत, ते मशीन जानेवारीत बिघडलं म्हणून सेठजींनी दोन्ही कामं एकाच मशीनवर आणली. चूक जुनीच होती, वाटच तुडवली गेली नव्हती.

यात दोन बारीक गोष्टी आहेत ज्यांनी मला जास्त फसवलं, त्या सांगायलाच हव्यात. एक, स्क्रीन बदलताना जुना एचटीएमएल काढून नवा टाकला जातो आणि हे काम जेक्वेरीच्या एचटीएमएल किंवा एम्प्टी वगैरेंनी केलं तर काढलेल्या एलिमेंटवरचे हँडलर ती स्वतः साफ करते. म्हणून बिलिंगमधली सगळी बटणं, सगळे डबे व्यवस्थित होते, एकदा दाबलं की एकदाच चालत होते. डॉक्युमेंट आणि विंडो मात्र कधी काढलेच जात नाहीत, त्यांच्यावर जे लटकवलं ते पेज बंद होईपर्यंत लटकलेलं. इतकी वर्षं मी "लायब्ररी साफ करते" या भरवशावर होतो आणि ती करतही होती, घराच्या आतलं. रस्त्यावरच्या खांबाला बांधलेलं कोण सोडणार. दुसरी गोष्ट, आकडे जमवायचा बफर त्या सुरुवातीच्या फंक्शनच्या आत होता, म्हणजे प्रत्येक हँडलरचा स्वतःचा, आणि चालू बिल मात्र एकच, ग्लोबल. बफर बाहेर असता तर दोन हँडलरनी मिळून प्रत्येक आकडा दोनदा लिहिला असता, बारकोड सापडलाच नसता आणि पहिल्या परतीनंतरच बोंब झाली असती. इथे पाचही जण आपापल्या कागदावर बारकोड नीट लिहून घेत होते आणि पाचही जण एकाच बिलात एकेक नग टाकत होते.

दुरुस्ती पहिली. रात्रीचे साडेबारा, भाची झोपली, मी ऑनच्या आधी एक ओळ टाकली, डॉक्युमेंटवरून की-डाउन ऑफ (जेक्वेरीत ऑननं हँडलर लागतो, ऑफनं निघतो). आधी काढ, मग लाव. टेस्ट केली, स्क्रीन वीस वेळा फिरवली, वहीत एकच. खुश होऊन सर्व्हरवर चढवलं आणि झोपलो.

सकाळी अकराला फोन. "भिया, एफ-टू मर गया."

एफ-टू म्हणजे नवीन बिल. मुनीमजी माउसला हात लावत नाहीत, त्यांचं अख्खं काम एफ-टू, टॅब, एंटर यावर चालतं आणि दुकानात गर्दी. एस्केप दाबून खिडकी बंद होणं पण गेलं. कारण उघड आहे, ऑफला नुसतं 'की-डाउन' एवढंच सांगितलं तर जेक्वेरी त्या एलिमेंटवरचे आपल्या वहीतले सगळेच्या सगळे की-डाउन काढून टाकते, कोणी लावले, कशासाठी, बघत नाही, त्या वेळी मागितलं ते दिलं. एफ-टूचा हँडलर पेज उघडताना एकदाच लागतो, तो पुन्हा लावणारं कोणी नाही. मला त्या दिवशी दुकानात जायची हिंमत झाली नाही, घरूनच ती ओळ काढली आणि मुनीमजींना सांगितलं की तूर्तास परतीची नोंद झाली की पेज रिफ्रेश करत जा. ते म्हणाले ठीक आहे, ज्या आवाजात म्हणाले तो आवाज आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा होता.

दुरुस्ती दुसरी. फक्त माझंच फंक्शन काढायचं तर ऑफला दुसरं म्हणून ते फंक्शन द्यायचं. दिलं. काही निघालं नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही, वहीत पुन्हा पाच. हा भाग मला अजून चिडवतो. जेक्वेरी प्रत्येक हँडलर फंक्शनला एक नंबर चिकटवते आणि काढताना तो नंबर जुळवते. माझं फंक्शन सुरुवातीच्या फंक्शनच्या पोटात लिहिलेलं, म्हणजे दरवेळी ते चाललं की आतलं फंक्शन नव्यानं जन्माला येतं, नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच, पण माणूस वेगळा. मी नव्या माणसाला दाखवून म्हणतोय याला काढा, आणि हा तर अजून आत गेलाच नाहीये. लायब्ररी म्हणते ठीक आहे, काढण्यासारखं काही नाही, आणि पुढे जाते.

याच्या उलटं तर आणखी वाईट. एका ठिकाणी मी फंक्शन बाहेर काढून एका ऑब्जेक्टवर ठेवलं आणि ऑफला देताना नावाचं स्पेलिंग चुकलो. चुकीचं नाव म्हणजे किंमत अनडिफाइन्ड, आणि जेक्वेरीला वाटतं फंक्शन दिलंच नाही, म्हणजे याला सगळेच काढायचेत. एफ-टू पुन्हा मेला, नशीब या वेळी माझ्याच लॅपटॉपवर. एक अक्षर चुकलं तर एकतर काहीच निघत नाही किंवा सगळंच निघतं, आणि दोन्ही वेळा तोंडातून चकार शब्द नाही. इतक्या जुन्या लायब्ररीनं निदान कुरकुर करायला काय हरकत होती, असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

तिसरी दुरुस्ती टिकली. जेक्वेरीत इव्हेंटच्या नावापुढे टिंब देऊन आपलं एक लेबल लावता येतं, नेमस्पेस म्हणतात. 'की-डाउन' न लिहिता 'की-डाउन डॉट बिलिंग'. लावताना इव्हेंट तोच, फक्त वहीत त्याच्यासमोर बिलिंगचा शिक्का. काढताना नुसतं 'डॉट बिलिंग' ऑफ केलं की त्या एलिमेंटवरचं त्या शिक्क्याचं सगळं निघतं, की-डाउन असो, क्लिक असो, रिसाइझ असो, आणि बाकी कोणाच्या केसाला धक्का नाही. फंक्शन तेच आहे की नवीन जन्मलेलं, याची भानगडच नाही. हे फीचर मला माहीत नव्हतं असं नाही, प्लगिनवाल्यांच्या कोडमध्ये ती टिंबं पाहिली होती, पण मला वाटायचं ते त्यांच्या कंपनीची जाहिरात असेल. हसा.

हे मला नीट कळलं ते मात्र रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, मल्हारगंजात टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत लाखो माणसं आणि टँकरनी रंग, त्यामुळे रस्त्यावरची दुकानं आदल्या दिवशीच ताडपत्रीनं झाकतात. मी दुरुस्ती चढवायला गेलो होतो तर समोर चार दुकानांच्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या एकाच विजेच्या खांबाला बांधत होते आणि सेठजींचा पोऱ्या आपल्या प्रत्येक गाठीत एक पिवळी चिंधी अडकवत होता. मी विचारलं कशाला, तर म्हणाला मागच्या साली गेर झाल्यावर सोडताना शेजाऱ्याची गाठ सोडली गेली आणि त्यांची पाणी भरलेली ताडपत्री त्यांच्याच मिठाईवर आली. मी तिथेच उभा राहून हसत होतो, मुनीमजींना वाटलं उन्हानं झालं असेल, चहा मागवला.

तेवढ्यावर सुटलो असतो, पण एकदा वही उघडून पाहायची सवय लागली की डोकं शांत बसत नाही. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये शोधलं, ऑन 143 ठिकाणी, ऑफ 4. त्या चारांतले दोन मी गेल्या आठवड्यात घातलेले. शिवाय ऑनच्या आधीची जुनी मंडळी, बाइंड होतं, डेलिगेट होतं, आणि लाइव्हसुद्धा होतं, जे 1.7 नंतर, म्हणजे 2011 पासून नको म्हणून सांगितलेलं आणि 2013 मध्ये 1.9 आली तेव्हा काढूनच टाकलेलं, पण आमच्याकडे मायग्रेट नावाचं प्लगिन घालून त्याला जिवंत ठेवलं होतं. लाइव्हनं लावलेलं काढायचं तर त्याचा जोडीदार डाय वापरायचा, हे नाव ज्यानं ठेवलं त्याला सलाम. मी दोन रात्री बसून सगळे ऑन-ऑफवर आणले, त्यात खास सांगण्यासारखं काही नाही, शोधा आणि बदला. एकाच जागी अडकलो, तिथे हँडलर आईवर, म्हणजे बाहेरच्या एलिमेंटवर, लावून 'या क्लासच्या पोरांसाठी' असं सिलेक्टर दिलेलं होतं आणि काढताना मी तेच सिलेक्टर दिलं पण दोन क्लासच्या मधल्या स्वल्पविरामानंतर स्पेस द्यायला विसरलो. जेक्वेरी काढताना सिलेक्टरचा अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवते. एका स्पेसनं एक तास खाल्ला.

भाचीचं म्हणणं होतं की आता जेक्वेरी सोड, नवीन लेबल छपाईची स्क्रीन तरी साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिही. लिहिली. तिथले नियम वेगळे आणि काही बाबतीत कडक. अ‍ॅडइव्हेंटलिसनरला तेच फंक्शन दोनदा दिलं तर दुसऱ्यांदा तो दुर्लक्ष करतो, जेक्वेरी मात्र दोनदा लावते आणि दोनदा चालवते. रिमूव्हइव्हेंटलिसनरला इव्हेंट तोच, फंक्शन तेच आणि कॅप्चर खरं की खोटं तेही तेच लागतं, पॅसिव्ह वगैरे बाकी ऑप्शन जुळले नाही तरी चालतात. आणि इथे मी पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो, नव्या कपड्यात. लावताना फंक्शनला बाइंड-धिस (जावास्क्रिप्टचं बाइंड, जेक्वेरीचं नव्हे) करून लावलं, काढताना पुन्हा बाइंड-धिस करून काढायला गेलो. बाइंड दरवेळी नवीन फंक्शन देतो. पुन्हा तोच नवा माणूस. पुन्हा तीच शांतता.

"मामा, तू कंट्रोलर का नाही वापरत?" भाची. अबॉर्ट कंट्रोलर म्हणजे मुळात चालू असलेली फेच (सर्व्हरकडे केलेली मागणी) रद्द करायची वस्तू, पण त्याचा सिग्नल आता लिसनर लावतानाही देता येतो. स्क्रीन उघडली की एक कंट्रोलर बनवायचा, त्या स्क्रीनच्या सगळ्या लिसनरना त्याचाच सिग्नल, स्क्रीन बंद होताना एकदा अबॉर्ट, सगळे गळून पडतात, डॉक्युमेंटवरचे, विंडोवरचे, सगळे. फंक्शन लक्षात ठेवायला नको, नाव द्यायला नको. मला फार आवडलं. इतकं आवडलं की मी कंट्रोलर फाइलच्या वरतीच एकदा बनवून ठेवला, आणि दुसऱ्यांदा स्क्रीन उघडली तर एकही बटण चालेना. एकदा अबॉर्ट झालेला सिग्नल अबॉर्टच राहतो, त्याच्यासोबत लिसनर लावायला गेलं तर ब्राउझर लावतच नाही. आधी पाच-पाच लागत होते, आता एकही नाही. तो कंट्रोलर प्रत्येक वेळी आत, नव्यानं बनवायचा असतो.

एक भीती होती, दुकानाचं मशीन विंडोज सेव्हनवर आहे आणि तिथे क्रोम 109 वर थांबलंय, त्याच्या पुढचं येत नाही. जुन्या ब्राउझरला सिग्नल हा ऑप्शन माहीत नसेल तर तो चिडत नाही, ओळखीचं नाही म्हणून सोडून देतो आणि लिसनर लावतो, म्हणजे कधीच न निघणारा. मी जाऊन त्या मशीनवर हाताने तपासलं, 109 ला सिग्नल कळतो. सुटलो.

याच्यात लेबल प्रिंटरची एक गोष्ट, जी मी भाचीला सांगितलेली नाही. प्रिंटरसाठी एक छोटा नोडचा (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा) प्रोग्रॅम आहे, त्याच्या लॉगमध्ये 2022 मध्ये एक वॉर्निंग येत होती, मॅक्स-लिसनर्स-एक्सीडेड, लिसनर जास्त झालेत, मेमरी लीक असू शकते. नोडमध्ये एका इव्हेंटवर दहाच्या वर लिसनर गेले की तो स्वतःहून असं सांगतो. म्हणजे जी कुरकुर मी जेक्वेरीकडे मागत होतो ती इथे तीन वर्षांपूर्वी झाली होती. आणि मी काय केलं होतं? सेट-मॅक्स-लिसनर्स शून्य. शून्य म्हणजे कितीही चालेल. कोडमध्ये माझ्याच हातची कॉमेंट होती, 'लॉगमध्ये कचरा येतो म्हणून'. ती ओळ काढली, वॉर्निंग परत आली, मग पाहिलं तर प्रत्येक लेबलला प्रिंटरच्या 'डेटा' इव्हेंटवर एक नवीन लिसनर लागत होता. तिथे ऑनच्या जागी वन्स टाकलं, एकदा चालून स्वतः निघून जाणारं, कारण प्रिंटर प्रत्येक लेबलला एकदाच उत्तर देतो.

शेवटी तपासणी. डेव्हलपमेंटमध्ये कोपऱ्यात एक छोटा आकडा दाखवायला लागलो, डॉक्युमेंट आणि विंडोवर वहीत एकूण किती हँडलर आहेत. एक छोटी स्क्रिप्ट स्क्रीन पन्नास वेळा उघड-बंद करते आणि पहिल्या फेरीचा आकडा पन्नासाव्या फेरीत तोच पाहिजे. आधी तो 12 वरून 311 वर जायचा, आता 12 वर 12. मेमरीचा स्नॅपशॉट घेऊन त्यात 'डिटॅच्ड' शोधलं, म्हणजे पानावरून काढलेले पण कोणीतरी धरून ठेवलेले तुकडे. आधी प्रत्येक जुन्या बिलाचं अख्खं टेबल तिथे पडून होतं, कारण डॉक्युमेंटवरचा जुना हँडलर त्याला धरून बसलेला. मुनीमजी संध्याकाळी "मशीन थक जाती है" म्हणायचे ते हेच. त्या तक्रारीवर मी दोन वर्षांपूर्वी रॅम वाढवायला सांगितलं होतं.

बारापैकी अकरांना आता मालक आहे. कोणाचे, कधी लागतात, कोण काढतं, सगळं लिहिलंय. बारावा राहिला, एफ-नाइन. मूळ कोडमधला, फंक्शनचं नाव 'चेक-टू', आत एक लांबलचक क्वेरी, काय करतं ते नीट कळेना. मुनीमजींना विचारलं, ते कधी दाबत नाहीत. पोऱ्याला माहीत नाही. भाची म्हणाली काढून टाक, कोणी वापरत नाही तर कशाला. माझा हातही डिलीटवर गेला होता. पण दोन आठवड्यांपूर्वीचा एफ-टू आठवला, मग नुसतं त्याला 'डॉट अनाथ' असा शिक्का मारून ठेवला आणि तो चालला की लॉगमध्ये एक ओळ पडेल असं केलं.

पुढे बरेच दिवस लॉगमध्ये काही आलं नाही. 31 मार्चला रात्री पावणेदहाला एक ओळ पडली. मी मुनीमजींना फोन लावला तर फोन सेठजींनी उचलला, मागे कॅल्क्युलेटरचा कागद फाडल्याचा आवाज. विचारलं, आत्ता एफ-नाइन कोणी दाबलं?

"मैंने," सेठजी म्हणाले. "साल में एक बार दबाता हूँ, क्लोजिंग स्टॉक के लिए. क्यों, बंद हो गया क्या?"

म्हटलं नाही नाही, चालू आहे. आणि त्या हँडलरचा शिक्का बदलून 'डॉट सेठजी' केला.